शेऱ्याचा रकाना

आमची संस्था पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर मुलांचे वाचनवर्ग चालवते. तिच्यात कायझेन, म्हणजे काम सतत थोडंथोडं सुधारत राहण्याची जपानी पद्धत, आली ती नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतून, एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामाच्या) निधीच्या पाठोपाठ. पैशांबरोबर थोडी शिस्तही द्यावी, असं निधी देणाऱ्यांना वाटलं असावं. एका शनिवारी दोन तरुण इंजिनिअर आले. गंगापूर रोडवरच्या आमच्या भाड्याच्या बंगल्यातल्या सगळ्या कपाटांना लेबलं लागली, टेबलावर स्टेपलर आणि पंचिंग मशीनच्या जागा पिवळ्या टेपने आखून झाल्या, जिन्याखाली साठलेली जुनी रद्दी भंगारवाल्याने नेली. भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो लागले. सगळे खूश. दिवाळीनंतर पाहिलं तर पिवळ्या चौकोनात स्टेपलरऐवजी चहाचे कप होते.

त्या मुलांना मी दोष देणार नाही. मी स्वतः अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीमध्ये बरीच वर्षं काढून या क्षेत्रात आले, त्यामुळे फाइव्ह-एसची, म्हणजे जागच्या जागी वस्तू ठेवायच्या या शिस्तीची, टिंगल करणाऱ्यांतली मी नव्हे. पण कारखान्यात ती पिवळी टेप टिकते ती तिच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेमुळे. प्रत्येक शिफ्टचं रिजेक्शन मोजलं जातं. गिऱ्हाईक कंपनीची तक्रार आली की मेलमध्ये उत्तराची तारीख लिहूनच येते. ऑपरेटरने कायझेन शीट भरली तर तिचं काय झालं, हे बोर्डावर लागतं. टोयोटाच्या लाईनवर तर डोक्यावर एक दोरी असते (काही कारखान्यांत आता तिच्या जागी बटण आलंय). काहीतरी चुकतंय असं वाटलं की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. टीम लीडर धावत येतो आणि प्रश्न तिथल्या तिथे सुटला नाही तर लाईन थांबते. लाईन थांबवल्याबद्दल कोणी ओरडत नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. संस्थेत टेप आली, ही दोरी आलीच नाही.

नाशिकमध्ये हे फार समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या नात्यागोत्यात कोणी ना कोणी सातपूर-अंबडला नाहीतर ओझरच्या एचएएलला, विमानांच्या कारखान्यात, असतंच. क्वालिटी सर्कल (कामगारांनी एकत्र बसून अडचणी सोडवायचा गट), व्हाय-व्हाय (‘का?’ विचारत मूळ कारणापर्यंत जाणं), रीवर्क हे शब्द आमच्याकडे जेवताना ऐकू येतात. डेमिंग हा अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ १९५० मध्ये जपानला जाऊन तिथल्या इंजिनिअरांपुढे आणि कंपन्यांच्या प्रमुखांपुढे बोलला, ही गोष्ट तर क्वालिटीच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात. पुढच्याच वर्षी जपानने त्याच्या नावाने पारितोषिक सुरू केलं. सातपूरला ज्यांचा गाड्यांचा कारखाना आहे, त्या महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला ते २००३ मध्ये मिळालं. डेमिंगचे चौदा मुद्दे आमच्याकडून पाठ करून घेतले होते. त्यातला आठवा मुद्दा, माणसांच्या मनातली भीती घालवा, हा आमचे ट्रेनर जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत उरकायचे. त्याला आलेख नाही, फॉर्म्युला नाही. त्यावर बोलणार तरी काय?

संस्थेत आल्यावर मला वाटायला लागलं की बाकीचे तेरा थोडे मागे ठेवले तरी चालतील, पण हा एक धरून बसायला हवा.

संस्थेत भीती कसली, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. कोणी कोणावर आवाज चढवत नाही, मेमो देत नाही, दुपारी डबे एकत्र उघडतात. सगळे एकमेकांना ताई, दादा, सर म्हणतात. खरी अडचण या गोडव्यातच आहे. इथे भीतीपेक्षा भीड जास्त काम करते. कारखान्यात मी जॉब, म्हणजे मशीनवर तयार झालेला भाग, रिजेक्ट केला की ऑपरेटर चिडायचा, तोंड फिरवून जायचा, पण रिजेक्ट जॉब झालाय, आपण नाही, हे त्याला माहीत असायचं. चहाच्या वेळी तोच माणूस शेजारी येऊन बसायचा. संस्थेत उपक्रमाला नाव ठेवलं की ते थेट कोणाच्या तरी त्यागाला जाऊन लागतं. ज्या बाईने उमेदीची सगळी वर्षं सुरगाण्याच्या पाड्यांवर पायी फिरून काम उभं केलं, तिला तोंडावर कसं सांगायचं, ‘ताई, या वर्गात मुलं वाचायला शिकत नाहीयेत’? ती रागावणार नाही. तिच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि ते रागावण्यापेक्षा अवघड. म्हणून कोणी बोलत नाही. माणसं चांगली म्हणून काम चांगलं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं असतं.

संस्था चालवणं या शहराला नवं नाही. आमचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं आणि मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा. टीका करायलाही मराठी माणूस कचरत नाही. कुठल्याही गावातल्या कुठल्याही जुन्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेला जाऊन बसा, दोन तास करमणूक होईल. पण तिथे टीका होते ती खुर्चीवरच्या माणसावर, निवडणुकीच्या हिशेबाने. कामाची पद्धत बदलावी का, यावर कोणी माईक मागून घेतल्याचं मला आठवत नाही.

टोयोटाचंच एक उदाहरण मला नेहमी आठवतं, आणि ते कारखान्यातलं नाही. न्यूयॉर्कमध्ये फूड बँक नावाची मोठी संस्था आहे, गरजूंना जेवण आणि शिधा पुरवणारी. टोयोटा तिला देणगी देत असे. मग त्यांनी पैशांऐवजी आपले इंजिनिअर देऊ केले. हार्लेम भागातल्या अन्नछत्रात पन्नास माणसं बसतील एवढी जागा होती आणि बाहेर रांग. दारावरचा माणूस दहाजणांपुरती जागा होईपर्यंत थांबायचा आणि मग दहाजणांना एकदम आत सोडायचा. रांगेतल्या माणसाला कधी कधी दीड तास ताटकळावं लागे. इंजिनिअरांनी केलं ते अगदी साधं होतं. एक खुर्ची रिकामी झाली की एक माणूस आत. रांगेचा पुढचा भाग आतच, ताटं मिळतात त्याच्या जवळ. आणि रिकामी खुर्ची हेरायला एक माणूस, त्याला दुसरं काम नाही. सरासरी ताटकळणं १८ मिनिटांवर आलं. शिध्याची खोकी भरण्याच्या कामातही त्यांनी हात घातला, तिथे एका खोक्याला आधी ३ मिनिटं लागत, तो वेळ ११ सेकंदांवर आला. २०१३ मध्ये याची बातमी झाली तेव्हा सगळ्यांनी इंजिनिअरांचं कौतुक केलं.

मी मात्र त्या खुर्च्यांपाशी अडकते. चार-पाच खुर्च्या रिकाम्या आहेत आणि बाहेर लोक उभे आहेत, हे तिथे वाढणाऱ्यांना रोज दिसत होतं. त्यासाठी जपानी पद्धत शिकावी लागत नाही. ज्याला दिसत होतं त्याने ते कोणापाशी बोलायचं, आणि बोललं तर पुढे काय होणार, याचा रस्ता मात्र आखलेला नसणार. रांगेतल्यांचं तर विचारायलाच नको. फुकटच्या जेवणाला नावं कोण ठेवणार?

धंदा आणि संस्था यांतला हा फरक मला फार मोठा वाटतो. दुकानदाराचा माल वाईट असेल तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं आणि गल्ल्यात संध्याकाळपर्यंत ते कळतं. आमच्याकडे पैसे देणारा मुंबईत बसलेला, सेवा घेणारा पेठ तालुक्यातल्या पाड्यावर. एकाला काम दिसत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही. आम्ही अभिप्राय घेतो, नाही असं नाही. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत चित्रं असलेला कागद पुढे करतो. आई त्यातल्या सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवते आणि म्हणते, ‘बरं आहे, ताई.’ घरी आलेल्या पाहुण्याला ती दुसरं काय म्हणणार? तेव्हा काय चुकतंय हे कळायला संस्थेजवळ एकच कान उरतो, तो म्हणजे पाड्यावर रोज जाणारा तिचाच कार्यकर्ता. आणि त्याला बोलायची सोय आहे की नाही, हे कार्यालयातल्या वागणुकीवर ठरतं.

आमच्याकडे ती सोय कशी नव्हती, ते सांगते.

मासिक बैठक नाशिकला व्हायची. सुरगाण्याकडचे, बाऱ्ह्याचे, करंजाळीचे कार्यकर्ते पहाटे उठून, मिळेल त्या एसटीने घाट चढून-उतरून अकरापर्यंत पोहोचायचे. विषयपत्रिका अशी: मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेब, नवीन निधीचे अर्ज, येणारे पाहुणे, १५ ऑगस्टचा कार्यक्रम किंवा त्या त्या महिन्याचं जे असेल ते, आणि सर्वांत शेवटी ‘क्षेत्रातील अडचणी’. तो विषय यायचा तेव्हा साडेतीन वाजून गेलेले असायचे. लांबच्यांनी पिशव्यांच्या चेनी ओढलेल्या, एकाची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे, कारण सीबीएस स्टँडवरून शेवटची सोयीची गाडी चुकली तर मुक्काम करावा लागणार. आमचे संस्थापक, त्यांना सगळे सर म्हणतात, अगदी मनापासून विचारायचे, ‘हं, काही अडचणी?’ सगळे म्हणायचे, ‘नाही सर.’ ‘छान.’ टाळ्या, आणि बैठक संपली.

एकदा मला शालिमारला काम होतं म्हणून त्यांच्याबरोबर रिक्षाने स्टँडपर्यंत गेले. गाडी लागायची होती. त्या बाकावर मी जे ऐकलं त्याला तोड नाही. कुठल्या गावात वर्गाची खोली ग्रामपंचायतीने परत मागितली, कुठली पुस्तकं मुलांना अवघड जातात कारण घरी ती कोकणा बोलतात, कुणाच्या मोबाईलमध्ये आमचं ॲप उघडतच नाही म्हणून शेजारच्या गावातला कार्यकर्ता दोघांची माहिती भरतो. सगळं तपशीलवार, एकमेकांना उपाय सुचवत, हसत-खिदळत. तिला क्वालिटी सर्कलच म्हणायला हवं. फक्त ती बंगल्यात भरत नव्हती.

मग विषयपत्रिका उलटी केली. पहिला विषय क्षेत्रातील अडचणी, आणि जो सर्वांत लांबून आला तो पहिल्यांदा बोलणार. नंतर समन्वयक, सर आणि कोणी विश्वस्त आले तर तेही सर्वांत शेवटी. सरांना हे जड गेलं. त्यांना प्रत्येक अडचणीवर तिथल्या तिथे तोडगा सुचतो, आणि तो बहुतेक वेळा चांगला असतो. पण त्यांनी तोडगा सांगितला की पुढचा माणूस आपली अडचण गिळून टाकतो, हे त्यांना पटवून द्यायला वेळ लागला. म्हणून पहिल्या फेरीत उत्तरं द्यायची नाहीत, नुसतं फळ्यावर लिहायचं, असं ठरलं. शेवटी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. पुढच्या महिन्याची बैठक त्या फोटोने सुरू करायची आणि प्रत्येक ओळीचं काय झालं ते सांगायचं. काहीच झालं नसेल तर ‘काहीच झालं नाही’ असं म्हणायचं. या सगळ्यात कामाचं काही असेल तर ही शेवटची सवय.

सुरुवातीला फळ्यावर आलं ते काय? करंजाळीची सतरंजी फाटली. खडू कमी पडतात. एका खोलीत पंखा नाही. हिशेब पाहणारे दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, यासाठी एवढी बैठक?’ मला मात्र ते ओळखीचं वाटलं. नवीन सुपरवायझर आला की लाईनवरचे लोक आधी पिण्याच्या पाण्याची आणि पंख्याची तक्रार करून बघतात. हा माणूस ऐकतो का, ऐकून करतो का, एवढं त्यातून कळतं. मशीनबद्दल नंतर बोलतात. सतरंजी आली. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी ती आल्याचं ऐकलं. त्यानंतर कधीतरी पेठकडच्या आमच्या एका ताईंनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि म्हणाल्या, ‘मॅडम, एक वाचून दाखवू का?’

इथे थोडं मागे जायला हवं. आमचे संध्याकाळचे वाचनवर्ग आहेत. मूल अक्षरापाशी आहे, शब्दापाशी आहे, परिच्छेद वाचतं की गोष्ट वाचतं, हे पाहून गट करायचे आणि त्या पातळीपासून शिकवायचं, ही ‘प्रथम’मुळे देशभर गेलेली पद्धत आम्हीही वापरतो. हजेरी ॲपवर भरली जाते: हजर किंवा गैरहजर. ओळीने तीन महिने गैरहजर राहिलेलं मूल आपोआप ‘गळती’त जातं. दरवर्षी फेब्रुवारीच्या अहवालात गळती भरपूर दिसायची, आणि उपाय म्हणून आम्ही लिहायचो ‘पालक जागृती मेळावे’. मेळावे जानेवारीत घेतले जायचे. येणारे आजी-आजोबाच असायचे.

ताईंचं रजिस्टर जाड पुठ्ठ्याचं, कोपरे मऊ पडलेलं, आतल्या रेघा त्यांनी स्वतः पट्टी धरून मारलेल्या. हजेरी निळ्या शाईत, गैरहजेरीला लाल अ, आणि उजवीकडे अगदी शेवटी शेऱ्याचा बारीक रकाना. त्यात लिहिलेलं त्या वाचत गेल्या. ‘बागावर.’ ‘आईसंगं पिंपळगाव.’ ‘मोहाडीला, बहिणीला सांभाळायला.’ ‘होळीला येईल.’ खाली, त्याच मुलाच्या ओळीत मार्चमध्ये: ‘आला. जोडाक्षरं विसरला.’ पुढच्या वर्षीच्या पानावर पुन्हा ‘बागावर’. त्याच्या आदल्या वर्षी तेच.

नाशिकच्या माणसाला एवढ्यावरून सगळा उलगडा होतो. ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षबागांची गोड्या बहाराची छाटणी सुरू होते. मग डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी, आणि पुढे मार्च-एप्रिलपर्यंत काढणी. भात-नागलीचं काम संपलं की पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या निफाड-दिंडोरीकडे उतरतात आणि बागेच्या कडेला शेडमध्ये राहतात. मुलं आईबापांबरोबर जातात. मुलं गळत नव्हती, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर द्राक्षाच्या मांडवाखाली बसलेली होती. आम्ही मात्र त्यांच्या आईबापांना जागृत करायला रिकाम्या गावात मंडप घालत होतो. ॲप बनवताना शेऱ्याचा रकाना काढून टाकला होता, कारण त्याची बेरीज होत नाही.

सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी प्रत्येक वरिष्ठाच्या तोंडी येतो: ‘ताई, हे आधी का नाही सांगितलं?’

त्या म्हणाल्या, ‘लिहिलं होतं की, सर.’

यावर कोणापाशी उत्तर नव्हतं आणि सुदैवाने कोणी शोधलंही नाही.

नंतरचं काम सरळ रेषेत झालं नाही. वर्गांचं वेळापत्रक जून ते ऑक्टोबर दाट केलं. मूल कुठल्या पातळीवर आहे याची चिठ्ठी पालकांजवळ द्यायला सुरुवात केली. पिंपळगाव बसवंतकडे संध्याकाळी बागेवरच वर्ग घ्यायचा प्रयत्न केला. एका बागायतदाराने स्वतःच्या पॅकिंग शेडमध्ये जागा आणि दिवा दिला. दुसऱ्याने गेटवरूनच परत पाठवलं, फवारणी चालू आहे म्हणाला. काही ठिकाणी वर्ग नीट लागेपर्यंत टोळी दुसऱ्या प्लॉटवर गेलेली असायची. तरीही आता निदान काय अडतंय ते कळत होतं, आणि दर महिन्याला फळ्यावर ते बदलत होतं.

याच काळात आमच्या महिन्याच्या अहवालातल्या अडचणींची यादी लांबत गेली. निधी देणाऱ्या कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. ‘मॅडम, काम ढासळतंय का?’ मी त्यांना एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९९० च्या दशकात त्या अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. चांगल्या जमलेल्या संघांत चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या संघांत चुका जास्त. खोलात गेल्यावर दिसलं की तिथल्या नर्स झालेली चूक सांगत होत्या, इतर ठिकाणी ती झाकली जात होती. कामाच्या जागी बोलण्यातला हा निर्धास्तपणा त्यांनी पुढे १९९९ मधल्या शोधनिबंधात मांडला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘समजलं. इन्स्पेक्शन कडक केलं की पहिले काही महिने रिजेक्शन वाढलेलंच दिसतं.’ मला इतकं बरं वाटलं! जे आमच्या विश्वस्तांना समजावताना माझी दमछाक झाली होती, ते सातपूरच्या माणसाने एका वाक्यात पकडलं. मग म्हणाले, ‘पण वर पाठवायच्या फॉरमॅटमध्ये मला रकाना हिरवा लागतो. लाल असला की प्रश्न येतात.’

निधीचा मामला असाच आहे. २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं कायद्याने आलं, त्यामुळे नाशिकसारख्या औद्योगिक शहरातल्या संस्थांना पैशाची नवी वाट मिळाली. पण हा पैसा बहुतेक वेळा वर्षावर्षाने येतो, आणि मार्चला संपतो. परदेशी देणग्यांमधला प्रशासकीय खर्च २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला. काटछाट करायची वेळ आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाला, बैठकीच्या प्रवासखर्चाला आणि ‘नुसतं बसून बोलण्याला’. अकरा महिन्यांच्या करारावरची मुलगी एप्रिलमध्ये दुसरीकडे जाते. तिचं रजिस्टर कपाटात जातं. कपाटाला लेबल आहे, तेवढा फाइव्ह-एसचा उपयोग. पण तिच्या डोक्यात जे होतं ते तिच्याबरोबर गेलं, आणि नव्याने आलेला मुलगा तेच प्रश्न पहिल्यापासून शिकतो. सतत सुधारणा म्हणायची तर आधी कोणीतरी सतत राहायला हवं. हे निधीच्या अर्जात लिहायला जागा नसते.

यावर लोक म्हणतात, मोठ्या संस्थांना जमतं, लहानांचं काय? मला गडचिरोलीचं उदाहरण उलट्या बाजूने महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे ही सवय अगदी सुरुवातीची आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींसाठी दवाखाना करायचं ठरवलं तेव्हा आधी लोकांना विचारलं. लोकांनी सांगितलं की मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. डॉक्टर माणसाला हे ऐकणं सोपं नसतं. त्यातून झोपड्यांसारखा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. पुढे नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं जे काम ३९ गावांत झालं आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, त्याच्या मुळाशीही गावातल्याच माणसांनी जन्म आणि मृत्यू चोख नोंदवणं होतं. बाळ दगावलं ही बातमी लपवायची नाही, लिहायची, हे कामाचा भाग होतं. तिथे जाऊन आलेले आमचे लोक टेकड्यांचे आणि झाडांचे फोटो घेऊन येतात. ती नोंदवही कोणी पाहून आलं तर मला जास्त आनंद होईल.

यंदा वार्षिक अहवालाच्या वेळी मी एक पान मागितलं. ‘यंदा काय जमलं नाही.’ कॅनडातल्या इंजिनिअर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेने २००८ पासून आपल्या अपयशांचा अहवाल छापायला सुरुवात केली होती, तो दाखला दिला. विश्वस्त मंडळात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, स्वच्छ आणि स्पष्ट माणूस. ते म्हणाले, ‘कॅनडातल्या संस्थेला परवडतं. आपल्याबरोबर त्याच निधीसाठी आणखी चारजण अर्ज करतात आणि त्यांच्या अहवालात सगळं जमलेलं असतं. तुम्ही ती यादी छापा, ते आपली छापतील.’ त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. आमच्यासारख्या लहान संस्थेला एक निधी गेला तर पाच-सहा पगार जातात. मी म्हटलं, पण मग फळ्यावर खरं बोला असं कार्यकर्त्यांना सांगायचं आणि आपण छापताना गाळायचं, हे त्यांना दिसणार नाही का?

दीड तास वाद झाला. शेवटी निघालेली तडजोड अशी: ते पान मराठी अहवालात छापायचं, इंग्रजी अहवालात नाही. निधी देणारे इंग्रजी वाचतात, आपली माणसं मराठी. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, मी सोडून.

छापून आल्यावर प्रती तालुक्यांत गेल्या. आठवड्याभरात पेठच्या ताईंचा फोन आला. अहवाल आवडला का विचारलं तर म्हणाल्या, ‘आवडला. पण त्या पानात एक राहिलं, मॅडम. बाऱ्ह्याकडचा दुसरा वर्गही डिसेंबरात बंद पडला, तो यात नाही.’ तपासलं. खरंच नव्हता. समन्वयकाने पाठवलेल्या यादीतच नव्हता. मी विचारलं, पुढच्या बैठकीत मांडाल का? म्हणाल्या, मांडते, आणि ते इंग्रजीचं कुणी मांडायचं?

पुढच्या महिन्याच्या फळ्यावरचे पहिले दोन मुद्दे ठरले आहेत. दुसरा मी मांडणार आहे, आणि नियमाप्रमाणे काका सर्वांत शेवटी बोलतील.